जेल रोड, खोली चार

फॉर्मवर आहे : शशिकांत गांगुर्डे, वय सत्तेचाळीस.
चहा – मदत लागते.
लागत नाही.
पातेलं तेवढं तेच हवं,
काठ चेपलेलं, आईचं.
दुसऱ्यातला चहा तो मोरीत ओततो,
न रागावता.
साखर मोजून दोन चमचे,
तिसरा माझ्या कपात, न विचारता.

संस्थेत पहाटे सहाला सगळ्यांची आंघोळ,
एका रांगेत, एका साबणाने.
इथे तो अकराला करतो.
कधी म्हणतो, "यमुनाताई, आज नाही."
ते "नाही" म्हणताना
केवढा ताठ बसतो खुर्चीत!

बाजाराला निघताना कुलूप.
लावतो, ओढून बघतो, उघडतो,
परत लावतो.
मी जिन्यात, खालच्या पायरीवर.
बिटको चौकाची रिक्षा
थांबून, हॉर्न देऊन निघून जाते.
हात शिवशिवतात माझे.
पिशवीचे बंद धरून ठेवते
दोन्ही मुठींत.
सातव्या खेपेला तो वळतो,
"चला, उशीर करता तुम्ही."

ऑफिसात विचारतात,
दोन तासांत केलंत काय?
रकाना बोटभर.
लिहिते :
किल्ली त्याच्या खिशात आहे.