उधारीची वही

नोव्हेंबर सरताना सूर्य गेला तो गेलाच.
आता दुपारी तासभर
मुका मार लागल्यासारखं आभाळ निळं पडतं,
मग पुन्हा झाकण.

ग्रोहोल्म बेटावर अकरा घरं, एक चर्च, एक दुकान.
दुकान माझं.
सहा दिवस वादळ होतं, फेरीबोट नाही,
आणि सहा दिवस हाल्वार माझ्या शीतघरात,
कॉडच्या पेट्यांमागे.
गारव्यासाठी नाही, गारवा बाहेरच जास्त.
कावळ्यांसाठी.
मासे वाळवायच्या मांडवाखाली सापडला तेव्हा
बसलेला होता. गुडघ्यांवर हात, भुवयांवर बर्फ.
कुणी येतो म्हणून सांगून गेलं असावं तसा.

सातव्या दिवशी पोलीस आली. तूवा नाव,
वय माझ्या धाकट्या भाचीएवढं,
लाटांनी ओकून ओकून पांढरी पडलेली.
तिच्या पेनातली शाई गोठली.
मी माझी पेन्सिल दिली.

"डोक्याला मागून मार आहे."
"बर्फ आहे," मी म्हणालो. "इथे सगळेच पडतात."
"आदल्या दिवशी दुकानात कोण कोण आलं?"
मी वही उघडून वाचलं:
ओड्वार, मेणबत्त्या दोन डझन.
पाद्रीणबाई, यीस्ट.
पुढच्या ओळीवर माझा अंगठा होता.

अंगठ्याखाली बोर्गहिल्द.
ती आली, हातमोजे न काढता नोटा मोजल्या,
स्वतःची उधारी चुकती केली.
मग म्हणाली, स्यूरचं पान काढ.

स्यूर तिचा मुलगा. दोन हिवाळ्यांमागे
होडीसकट गेला.
त्याच्या नावावर अजून होते
सहा गळ, दोरीचं एक भेंडोळं
आणि ज्येष्ठमधाच्या गोळ्या.
राहू दे गं, मी म्हणालो.
"मेलेल्याच्या नावावर काही राहू नये."
पैसे ठेवले. वर आणखी दोन नाणी.
"हे कशाचे?"
"त्या रात्रीच्या दोन कॉफींचे."

त्या रात्री याच खिडकीशी हाल्वार आणि मी.
खडकांच्या रांगेवर एक लाल ठिणगी चढली,
क्षणभर टांगून राहिली, विझली.
त्या लाटांत जाईल असं इंजिन
बेटावर एकट्या हाल्वारच्या बोटीला.
तो म्हणाला, पोरं असतील, नाताळचे फटाके.
मी म्हणालो, असतील.
आणि त्याचा कप पुन्हा भरला, माझाही.

एवढंच.
किनाऱ्यावर नुसतं फळकूट आलं, मार्चमध्ये.

आम्ही कुणाकडे बोललो नाही.
पण हाल्वारला चढली की तो रडायचा,
आणि रडताना माणूस
दार लोटलंय की उघडं ते बघत नाही.

"आणखी काही सांगण्यासारखं?" तूवानं विचारलं.
आता अंगठा उचलला तर
तिची ओळ वाचावी लागणार,
मग ती दोन नाणी, मग ती खिडकी.
"नाही," मी म्हणालो.
तिनं 'अपघात' लिहिलं,
पेन्सिल परत दिली, आभारही मानले.
हाल्वारची पेटी घेऊन बोट गेली.

वारा पुन्हा वायव्येचा झालाय.
काचनळीतला पारा सकाळपासून उतरतोय.
उद्याची फेरी रद्द, परवाचीही.
समोरच्या चढावर बोर्गहिल्दच्या
स्वयंपाकघरातला दिवा मालवला गेला
आणि जरा वेळानं एक कंदील वाटेला लागला,
सावकाश,
जन्मभर बर्फावर चालणाऱ्याच्या चालीनं.

दाराला कडी नाही. ग्रोहोल्मवर कुणाच्याच नाही.
मी किटली ठेवलीय.
फडताळातून दोन कप काढले,
एक परत ठेवला, पुन्हा काढला.
पस्तीस वर्षांच्या या वहीत
माझ्या नावाचं पान नव्हतं.
ते आत्ता आखलं, तारीख घातली,
रकमेची जागा कोरी ठेवली.

पायरीवर कुणीतरी बूट आपटून
बर्फ झाडतंय.