रस्त्याचं दुसरं नाव

उतार संपतो तिथं रस्ता नाव बदलतो.
डांबर तेच. मधली पिवळी रेघही तीच, जरा विटलेली.
अलीकडं पाटीवर हॉलोवे स्ट्रीट,
सिग्नलपलीकडं मॅग्नोलिया टेरेस.
व्हर्लीन टॉलिव्हर सव्वीस वर्षं
या दोन नावांमधून टपाल वाहते आहे
आणि अजूनही सिग्नल ओलांडताना
पिशवी डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेते,
कशासाठी, ते तिलाही सांगता येत नाही.

नव्या पोरांना ती सांगते, नंबरांवर भरवसा ठेवू नका.
हॉलोवे आठशे बाराला संपतो
आणि मॅग्नोलिया दोनपासून सुरू होतो,
जणू त्याआधी काही नव्हतंच.

तिच्या आजोबांच्या तरुणपणी
पलीकडचे लोक नगरपालिकेत गेले होते.
भिंत नाही मागितली त्यांनी. भिंत दिसते.
त्यांनी पत्ता मागितला.
पाकिटावर आपलं नाव
त्यांच्या रस्त्याच्या नावाला चिकटू नये, एवढंच.
ठराव मंजूर. एक पाटी उतरली, एक चढली.
खर्च: दोन खांब आणि एक दुपार.

आजोबा, अँब्रोज टॉलिव्हर,
महायुद्धावरून परतले, इस्त्रीचा गणवेश घालून बँकेत गेले.
साहेबानं माणसाकडं पाहिलं नाही, नकाशाकडं पाहिलं.
हॉलोवे लाल पेन्सिलीनं गिरवलेला होता,
इतका दाबून की कागदाला मागून वळ उठले होते.
हे आजोबांनी एकदाच सांगितलं,
पेकान सोलता सोलता, मान वर न करता.

ज्या भाषेत मी हे लिहितो आहे
तिला गावकूस माहीत आहे,
कुसाबाहेरचं अंतर किती पावलांचं, तेही.
व्हर्लीनच्या शहराला कूस नाही.
तिथं झाडं आहेत.

जॉर्जियातला जुलै. पिशवीच्या पट्ट्याला
तिनं एक छोटा तापमापक अडकवलाय.
आठशे बारापाशी एकशे एक.
पुढं ओकची रांग लागते, दोनशे पावलांत पारा सात अंश उतरतो.
सावली कुणीतरी लावावी लागते,
साठ वर्षं आधी,
आणि मग तिला पाणी घालणाऱ्यांना पगार द्यावा लागतो.

पण पलीकडं फुटपाथ नाही.
विसरले नव्हते.
चालत कोण येईल, ते त्यांना ठाऊक होतं.
व्हर्लीन हिरवळीच्या कडेकडेनं चालते,
फवारे बूट भिजवतात.

मिसेस ॲव्हरिल घर विकताहेत.
जुन्या खरेदीखतातलं कलम त्यांनी दारातच वाचून दाखवलं,
आवाज कापत होता बाईंचा:
या जागेत गोऱ्यांखेरीज कुणी राहू नये, नोकर सोडून.
आता याला काही अर्थ नाही हं, वकील म्हणाला,
फक्त खोडता येत नाही.
व्हर्लीननं सही घ्यायचं पाकीट पुढं केलं.
‘नोकर सोडून,’ ती म्हणाली,
‘म्हणजे टपाल तरी आलं असतं तुमचं.’
बाई हसू की नको या विचारात सही चुकल्या.

मागच्या मंगळवारी एक पाकीट आलं. थरथरतं अक्षर, शाई निळी:
९१६, हॉलोवे स्ट्रीट.
नाव पुसट. पाठवणाऱ्याचा पत्ता नाही.
यंत्रानं शिक्का मारला होता: असा पत्ता अस्तित्वात नाही.
ते परतीच्या खोक्यात टाकायचं असतं.

ती आठशे बारापाशी उभी राहिली
आणि मोजत निघाली.
आठशे चौदा. सिग्नल. आठशे सोळा.
ओकखाली आठशे चाळीस. मिसेस ॲव्हरिल, आठशे अठ्ठ्याऐंशी.
पिशवी त्या दिवशी तिनं खांदा बदलून घेतली नाही.

निळं दार. पितळेचा आकडा काही वेगळंच सांगत होता.
पाकीट फटीतून आत पडलं.
ती वळेपर्यंत एक तरुण बाहेर आला, अनवाणी,
‘हे आमचं नाही,
हॉलोवे तर तिकडं, खाली आहे.’

‘नाही,’ व्हर्लीन म्हणाली,
‘तुम्ही त्याच्यावरच उभे आहात.’
आणि पुढच्या घराचं टपाल काढू लागली.