अंशतः

मुंजाजीअण्णा दोनदा आमदार झाला
आणि दोन्ही वेळा त्याचं रान माझ्या रानाला लागूनच राहिलं.
म्हणून मला मोठेपणाचं विचारू नका,
बांधाचं विचारा.

सेलूहून रात्रीची देवगिरी धरायचा.
आमदार निवासातल्या खोलीत गावाकडचे पेशंट,
हा व्हरांड्यात, उशाला भाकरीचं गाठोडं.
शनिवारी पहाटे बघावं तर
इस्त्रीचा सदरा बाभळीला टांगलेला
आणि गडी तिफणीमागं.

सभागृहाची भाषा मात्र अंगाला चिकटून यायची.
बैलाला विचारायचा,
'हे खरे आहे काय की, आपण काल पेंड खाल्ली नाही?'
बैल मंत्र्यासारखा रवंथ करायचा.

दुधनेच्या पुलाचा प्रश्न त्यानं नऊ वेळा लावला.
नवव्यांदा उत्तर आलं : हे अंशतः खरे आहे.
'अंशतः म्हंजी किती रे?'
मी सातवी पास. म्हणालो,
'गुडघ्याएवढं.'

त्याच सालात मी मोजणी मागवली.
लोक म्हणाले, आमदाराशी कामून वैर घेतोस?
मोजणीदाराचा हात थरथरत होता,
दगड माझ्याकडं चार हात सरकलेला निघाला.
अण्णानं स्वतः पहार घेऊन तो मागं नेला,
आणि वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

मग पडला. चारशे बारा मतांनी.
पूल झाला, पाटीवर दुसऱ्याचं नाव.
निकालाच्या दुसऱ्या दिवशी, दव होतं तोवर,
करडई उपटत होता.
काटे लागू नयेत म्हणून हाताला
प्रचाराचा कापडी फलक फाडून गुंडाळलेला,
अंगठ्यावर नेमकं 'बहुमतानं' आलेलं.
मीच बांधावरून हाक मारली,
'हे खरे आहे काय की, आपण पडलात?'
'होय, हे खरे आहे.'
'असल्यास, कारणे काय?'
बराच वेळ नुसता करडईचा चुरचुर आवाज.
'माहिती गोळा करण्यात येत आहे,' म्हणाला,
आणि मग दोघंही
खाली बसून, पोट धरून, हसलो.
एका वर्षाचं न बोलणं त्यात फिटलं.

आता तो नाही. करडई कुणी पेरत नाही,
सगळीकडं सोयाबीन.
परवा त्याच्या पोरानं ट्रॅक्टर वळवताना
दगड दोन हात माझ्याकडं ढकलला.
उतरला, कसनुसा बघत उभा राहिला,
'काका, सरकला का हो?'

मी दगडाकडं बघितलं,
पलीकडं बाभळीकडं बघितलं.
म्हणालो, 'अंशतः.'