दोरा बाहेरून, पाणी आतून

तांबट लेनमध्ये दुपारी अडीचला
ठोके जरा विसावतात, तेव्हा
वृंदानं हंड्याला दोरा गुंडाळला.
दर दोन सेंटिमीटरला एक वेढा,
दर वेढ्याला वहीत एक आकडा.
म्हटलं, पोरी, शिंप्याकडं लागलीस का?

आप्पा, परिघाचा वर्ग भागिले चार पाय.
चार पाय? हंड्याला तर एकही नाही.
हसली. म्हणाली, ही एक चकती,
अशा चकत्यांची बुडापासून काठापर्यंत बेरीज.
जितकी पातळ चकती, तितकं उत्तर खरं.
किती पातळ?
नसल्यागत.

नसल्यागत काय असतं ते मला विचार.
पत्रा पोटाशी ठोकत ठोकत
मी तिथवर नेलाय, जिथं आणखी एक घाव
आणि बोट आरपार.
तिथं पट्टी पोचत नाही. कान पोचतो.

तिच्या पुस्तकात वाकडी रेघ
अक्षाभोवती फिरते, भांडं होतं.
इथं खरवईवर पालथा हंडा,
डावा हात फिरवतो, उजवा मारतो,
अक्ष कुठं असेल तर तो माझ्या मनगटात,
आणि हल्ली ते दुखतं.

उत्तर आलं साडेअठरा लिटर.
मग नळाखाली, लिटरच्या मापानं, आम्ही तो भरला.
सव्वाअठराला पाणी काठावर थरथरलं.
पाव लिटर गेलं कुठं?
ती खोडत बसली, ओठ चावत,
वेढा तिरका, दोरा सैल, वर्ग चुकला...

अगं, मी म्हटलं, दोरा बाहेरून, पाणी आतून.
मधलं तांबं कोण मोजणार?

हंडा रिकामा करून तराजूत ठेवला.
दोन किलो शंभर. तिनं घनतेनं भागलं,
दोनशे पस्तीस मिली.
उरलेल्या पंधरा मिलीपुढं तिनं लिहिलं : त्रुटी.
मी काही बोललो नाही.
बुडाशी एक पोचा आहे, आतून,
तिचा निकाल लागला त्या दिवशीचा.

रिकामा करतानाही ती सांगतच होती,
वरचं पाणी लगेच निघतं,
तळाच्या थराला सगळी उंची चढावी लागते,
तळाचं पाणी सगळ्यात महाग.
हे मात्र मी वहीत लिहून घ्यायला सांगितलं.

पाचला पंचवटीतला केटरर आला.
किलोचा भाव विचारला, वजन केलं, पैसे मोजले.
सव्वाअठरा लिटर पोकळी
तशीच उचलून घेऊन गेला,
फुकट.