चाव्यांखाली ठेवलेला कागद

आधी लिफ्टचं सांगतो.
आत भिंतीवर लोखंडी डबी आहे,
दहा तेत्रीचं नाणं टाकलं तरच ती हलते.
वर जायला पैसे, उतरणं फुकट.
पहिल्या रात्री माझ्याकडं पन्नास लारीची एक नोट
आणि तेवीस किलोची बॅग होती.
नऊ मजले चढताना
तिबिलिसीला मी मराठीतून जे जे म्हणालो
त्यातलं थोडं अजून परत घ्यायचं राहिलंय.
नाणी फ्रीजवरच्या बरणीत आहेत.

कानाचा भरवसा धरू नकोस.
इथं पुरी म्हणजे पाव.
मामा म्हणजे बाप.
की म्हणजे हो,
आणि घाईघाईत दोनदा, की की,
म्हणजे हो, कळलं, आता पुरे.
चहाला चायच म्हणतात, एवढ्यानं हुरळू नकोस,
तो काळा येतो, शेजारी अक्रोडाचा मुरंबा.
मी दूध मागितलं होतं.
त्यांनी ते वेगळ्या पेल्यात, गरम करून आणलं
आणि पिऊन होईपर्यंत
आजारी माणसाकडं बघतात तसे बघत राहिले.

मार्शृत्कात ड्रायव्हरच्या मागची जागा टाळ.
चर्च दिसलं की तो स्टिअरिंग सोडून
छातीवर तीनदा क्रूस काढतो,
आणि या रस्त्यावर चर्चं फार.

कानात पिवळा बिल्ला असलेलं कुत्रं चावत नाही.
सिग्नलला तुझ्या आधी थांबेल.
ते निघालं की निघ.

भाडं पाच तारखेला, समोरच्या दारात, त्सिआलाबाईंच्या हातात.
वय विचारलं तर सांगतील, चार विसा आणि तीन.
इथं विसांनीच मोजतात,
आमचे तात्या बाजारात आंबे मोजायचे तसे.
पावती मागू नकोस, राग येतो.
फुलं ने. पण विषम.
तीन, पाच, सात. सम फुलं फक्त मेलेल्यांना.

आता पाववाला.
कोपऱ्यावरच्या तळघरात, वाकून उतर.
तो भट्टीच्या तोंडात कमरेपर्यंत शिरतो,
आतल्या भिंतीला कणीक थापतो
आणि पाय हवेत ठेवून परत येतो.
पाव होडीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता.
एक टोक घरी पोचेपर्यंत संपतं, ते चालतं.
त्याचं नाव गेला.
खरंच. त्यांच्यात असतं हे पुरुषाचं नाव.
गेला आला का? गेला अजून आला नाही.
नऊ महिने मी हे एकटाच विचारायचो, एकटाच हसायचो,
हा विनोद कळेल असं माणूस
दोन हजार मैलांत नव्हतं.

ऑक्टोबरात एकदा शटर खाली.
दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही.
त्सिआलाबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, गेला,
आणि हात डोंगरांपलीकडं केला.
पुढचं मला कळलं नाही,
मागचं मात्र फारच नीट कळलं.
मी सहा कार्नेशन घेऊन आलो
आणि लिफ्टमध्ये नाणं टाकायचं विसरून उभा राहिलो.
त्या बाहेरून आल्या. फुलं मोजली.
पुन्हा मोजली.
मग भिंतीला टेकून इतक्या हसल्या
की मला वाटलं आता यांच्यासाठीच लागतील.
एक फूल उपसून काढलं, स्वतःच्या कोटाला खोचलं.
आता पाच, असं बोटांनी दाखवलं.
तो भावाच्या गावी गेला होता,
द्राक्षं तोडायला. काखेतीला.
आठव्या दिवशी जांभळ्या हातांनी परतला,
आणि मी त्याला पाच फुलं दिली, जरा सुकलेली,
कारण न सांगता.

गीझर पेटवताना आधी खिडकी उघड.
शेगडीचं डावं बटण नुसतं शोभेला.

उद्या सकाळी पावाला जाशील,
तर तो माझी चौकशी करेल, भुवया उडवून,
नवव्या मजल्याकडं बोट करून.
तू मराठीतच सांग, गेला.
त्याला वाटेल तू हाक मारतोयस.
तो की की म्हणेल
आणि भट्टीतला पहिला पाव काढून
तुझ्या हातावर ठेवेल.
कागदात धर. भाजतो.