अक्षराला एक पैसा

भांडी बाजारात माझी जागा म्हणजे एक गोणपाट,
एक छिन्नी, एक हातोडी आणि खाली घातलेली मान.
अक्षराला एक पैसा. काना-मात्रा फुकट.
लग्नातल्या तांब्यावर, मेलेल्याच्या घंगाळावर
कोणी कोणास दिलं ते मी टोचायचो,
टिंबाला टिंब लावून.
दिलं आणि नाव घातलं नाही
असं माणूस तोवर भेटलं नव्हतं.

सैदल खान हिंग विकायचा, आक्रोड, जर्दाळू,
आणि रुपये.
रुपयाला महिन्याचे दोन आणे.
त्याची काठी ओट्यावर वाजली की
आमचा साडू मागच्या दाराने गंगेवर जायचा,
संध्येला. भरदुपारी.

त्या वर्षी रंगून पडलं.
नाशिकरोडला माणसं उतरली,
पायांना फडकी गुंडाळलेली, डोंगर तुडवून आलेली,
तेलुगू बोलणारी, तमिळ, थोडी आपलीही.
एका बाईच्या मुठीत किल्ली होती.
घर जळताना तिने पाहिलं होतं म्हणे,
तरी मूठ उघडत नव्हती.
पंचवटीच्या धर्मशाळेत त्यांची सोय लागली.
गावाने डाळ दिली, तांदूळ दिला.
शिजवायचं कशात, ते कोणाला सुचलं नाही.

त्र्यंबक तांबटाच्या दुकानी काठी वाजली.
आम्हाला वाटलं, त्र्यंबकही बुडाला.
"सात पातेला. शंभर माणूस जेवला पाहिजे, एकेकात."
पत्रा कुठे होता? पितळ सगळं काडतुसांत चाललेलं.
भाव ऐकून खान असा ओरडला
की पिंपळावरचे कावळे उडाले.
दीड तास घासाघीस. एका आण्यावरून उठून गेला,
कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आला.

मग कल्हई.
कथील यायचं मलायाकडून,
ही माणसं आली त्याच अंगाने;
ती वाट आता बंद.
"बिनकल्हईचं अन्न कळकतं," त्र्यंबक म्हणाला,
"पोरं ओकतील."
खान गप्प. मग कंबरेची पिशवी सोडली.
कथील कुठून आलं मी विचारलं नाही.
नवसागराचा धूर मात्र
तीन दिवस बाजारभर होता.

पातेली माझ्यापुढे आली. चांदीसारखी आतून.
नाव काय घालू?
"कोणाचा?"
तुमचं. देणाऱ्याचं.
त्याने पातेल्याच्या पोटावर टिचकी मारली,
आवाज विरेपर्यंत थांबला.
"भांडा वाचते काय?"

मी धीर केला. म्हटलं, खानसाहेब,
एवढं करताय, तर आमच्या साडूचं व्याज...
"ते वेगळा."
आणि पहिल्या तारखेला काठी वाजलीच.

पाऊस संपेतो खिचडी शिजली.
किल्लीवाली बाई पुढे डाव धरून उभी असायची,
उजव्या हाताने वाढायची.
डावी मूठ तशीच.
मग कोणी नातेवाईक शोधत पांगले, कोणी देवळालीला कामाला लागले.
खान एकदा मुलखात गेला, तो आलाच नाही.
साडूने पेढे वाटले. मीही एक खाल्ला.

नंतर मंडळाची माणसं पातेली घेऊन आली.
"मदत मंडळ नाशिक" घाला म्हणाले.
नऊ अक्षरं.
घरात तेव्हा ज्वारीही मोजून दळत होतो.
सहा पातेल्यांवर घातलं,
साडेतेरा आणे मोजून घेतले,
हात कुठेही थरथरला नाही, खोटं कशाला सांगू.
सातवं उचललं, उजेडाकडे धरलं,
म्हटलं, हे पातळ आहे. टोचलं तर भोक पडेल.
पत्रा तर तोच होता.
त्यांनी मान डोलावली. त्यांना काय कळतं पत्र्यातलं.

ती सहा मंडळाच्या कोठीत आहेत, कुलपात.
सातवं कोठे आहे विचाराल तर
गेल्या महिन्यात काझीगढीवर बारशाला होतं,
त्याआधी तपोवनात कोणाच्या तेराव्याला,
त्याआधी माहीत नाही.
नाव नाही, म्हणून परत कोणाला द्यायचं
हे कोणाला कळत नाही;
घासतात, पालथं घालतात,
आणि कोणी मागायला आलं की
काखेत मारून नेऊ देतात.