एकोणीस थर

खराडीच्या सातव्या मजल्यावर, मंगळवारी,
तिकीट आलं: 'मागे दाबलं तरी मागे जात नाही.'
एवढंच. खाली फोनचं मॉडेल, जुनं,
आणि नावाच्या जागी एक आकडा.

रेवणसिद्ध म्हणाला, बटण बिघडलं असेल, बंद कर.
मी बंद केलं नाही.
तो 'तरी' बघा.
तो उगाच कुणी लिहीत नाही.

आमचं ॲप रक्त तपासणाऱ्यांचं.
सुई टोचून घ्या, घरी जा, रिपोर्ट फोनवर येतो.
पडद्यावर पडदा चढत जातो:
यादीवर तपासणी, तपासणीवर पैसे, पैशांवर पावती.
नव्या पोरांना शिकवताना रेवणसिद्ध
सोलापूरकडच्या भाकरीची चवड सांगतो,
शेवटची टाकलेली वर, तीच आधी उचलायची,
मधली ओढायला जाऊ नका.
पोरं मान डोलावतात. पोरांना भूक लागते.

मी लॉग उघडला.
रात्री एक बावन्नला मेसेज गेला: आपला रिपोर्ट तयार आहे.
एक त्रेपन्नला उघडला.
एक अठ्ठावन्नला परत, त्याच मेसेजमधल्या लिंकवरून.
दोन सातला. दोन अकराला.
मग बराच वेळ काही नाही,
मग तीन चाळीसपासून दर दोन-तीन मिनिटांनी,
आणि पाचला सहा कमी असताना
एकोणिसाव्यांदा.

रिपोर्टमध्ये काय होतं ते मला दिसत नाही.
दिसू नये असंच आम्ही लिहिलंय.

दर वेळी आमचं ॲप, आज्ञाधारक,
त्या रिपोर्टवर तोच रिपोर्ट ठेवत गेलं.
खाली काय आहे ते बघायचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
मग कुणीतरी मागे दाबलं. खाली तोच कागद.
पुन्हा दाबलं. तोच.
नाव तेच, तारीख तीच, आकडे तेच.

चूक माझी. दोन वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारी
मीच लिहिलेल्या ओळी, शेजारी माझंच नाव.
दुरुस्ती दीड ओळीची:
वर जे आहे तेच मागितलं, तर नवं रचू नकोस,
आहे तेच दाखव.

वाद झाला तो पुढच्या गोष्टीवर.
या रिपोर्टच्या मागे काय असावं?
मनवा म्हणाली, होम. दुसरं काय?
होमवर सध्या एक हसरं जोडपं आहे,
'दोघांनी तपासा, तीस टक्के वाचवा.'
मी म्हटलं, त्या रात्री नको.
कुठल्या रात्री?
मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला.
ती वेळा वाचत खाली गेली, बोट पडद्याला न लावता.
मग म्हणाली, एक दिवस. ऑफर एक दिवस लपवू,
त्याहून जास्त मला वर पटवता येणार नाही.

संध्याकाळी लक्ष्मी रोडला वळायची गल्ली चुकले.
वन-वे. मागे जायची सोय नाही,
तोंडावर मामा उभे.
अलका चौक, टिळक रोड, असा अख्खा वळसा घातला
आणि अर्धा तास
मनात ते एकच गणित केलं.

लॉगमध्ये मागे दाबल्याचीही नोंद होती.
अकरा वेळा.
अकराव्यानंतर तक्रार लिहिली.

म्हणजे आणखी आठदा दाबलं असतं
तर सगळे थर उतरले असते, बाहेर पडता आलं असतं.

गुरुवारी नवी आवृत्ती गेली.
तिकिटाला उत्तर लिहायचं असतं, नियम आहे.
मी लिहिलं: आपली अडचण दूर केली आहे,
कृपया ॲप अपडेट करावे.

शुक्रवारी बघितलं, सोमवारी बघितलं.
त्या आकड्याने अपडेट घेतलेलं नाही.